तेल गेलं कुठे? पिंपळनेर पट्ट्यातल्या एका रोशा-भट्टीचं प्रकरण

साक्री तालुक्याचा पश्चिम भाग, पिंपळनेरच्या वर डोंगराला लागून असलेली मुरमाड, उताराची जमीन. इथल्या एका शेतकरी गटाने रोशा या सुगंधी तेलाच्या गवताची लागवड केली, वर्गणी काढून स्वतःची भट्टी उभारली आणि पहिल्याच हंगामात अपेक्षेच्या निम्म्याहून कमी तेल हाती आलं. जे आलं तेही तांबूस-काळपट, करपट वासाचं. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कन्नौजच्या एका व्यापाऱ्याने नमुना तपासून घेतला आणि भाव चांगलाच खाली आणून मागितला.

गटात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, रोपवाटिकेने फसवलं, रोपंच खोटी. दुसऱ्याचं म्हणणं, भट्टी जुनाट आहे, कर्ज काढू पण बॉयलर (वाफ बाहेर तयार करून टाकीत सोडणारं यंत्र) आणू. बॉयलरचं कोटेशन आलेलंच होतं आणि त्यावर मत द्यायला मला बोलावलं होतं. गावाचं आणि गटाचं नाव इथे देत नाही. पण अशा भट्ट्या आता खानदेशात जागोजागी लागताहेत आणि बहुतेक ठिकाणी हीच रड ऐकू येते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

रोशा इथे नवा नाही

रोशा म्हणजे तिखाडी, आयुर्वेदातलं रोहिष. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. गवती चहाच्याच कुळातलं. याच्या तेलाला बाजारात पामरोझा म्हणतात आणि त्याला गुलाबाच्या जवळचा वास असतो. तो वास मुख्यतः जिरॅनिऑल या एका द्रव्याचा. चांगल्या तेलात ते 75 ते 85 टक्क्यांच्या आसपास असतं, बाकी जिरॅनिल अ‍ॅसिटेट, थोडं लिनालूल आणि इतर किरकोळ घटक.

पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्राणी ही नावं एकोणिसाव्या शतकातल्या सुगंधी तेलांच्या व्यापारात ओळखीची होती. इथलं तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या बंदरांना जायचं, तिथून अरबस्तानमार्गे थेट कॉन्स्टँटिनोपलला. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. जिरॅनियमच्या झाडाशी काडीचा संबंध नसताना युरोपात त्याला ‘ईस्ट इंडियन जिरॅनियम तेल’ म्हणत. 1871 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी जिरॅनिऑल प्रथम शुद्ध रूपात वेगळं केलं, तेही भारतातून गेलेल्या याच गवताच्या तेलातून. गटातल्या तरुणांना हे सांगितलं तेव्हा त्यांना गंमत वाटली. एका आबांना मात्र अजिबात नवल वाटलं नाही. ते एवढंच म्हणाले, “आमना आजा नालामाच भट्टी लावे. थंडं पानी लागस तिले.” हे वाक्य पुढे फार उपयोगी पडलं.

भट्टीवर काय चाललं होतं

लोखंडी पत्र्याची उभी टाकी. तळाशी पाणी, त्याच्यावर वीतभर उंचीवर भोकांची जाळी, जाळीवर दाबून भरलेलं सुमारे 250 किलो गवत. खालून लाकडाचा जाळ. झाकणातून निघालेली लोखंडी नळी शेजारच्या सिमेंटच्या हौदात बुडवलेल्या वेटोळ्यात जाते, वेटोळ्याचं दुसरं टोक हौदाबाहेर एका पाच लिटरच्या डब्यावर. डब्यात पाणी आणि तेल एकत्र पडायचं, तेल वर तरंगायचं, खालच्या तोटीने पाणी सोडून द्यायचं. सकाळी आठला जाळ लावला की दुपारपर्यंत एक घाण उतरायची. (भट्टीच्या एका भरतीला इथे घाण म्हणतात, तेलघाणीचाच शब्द.)

तेल अर्धा किलोच्या आसपास निघायचं. रोशाच्या मोतिया जातीच्या ताज्या फुलोऱ्यातल्या गवतातून अर्ध्या टक्क्याच्या आसपास तेल निघायला हरकत नाही, म्हणजे 250 किलोला सव्वा किलो. पाऊण किलो कुठेतरी जात होतं.

मी पोचलो तेव्हा भट्टी चालू होती आणि वास रस्त्यावरच लागला. गटातला एक जण कौतुकाने म्हणाला, “बघा भाऊ, शाळेपर्यंत घमघमाट!” प्रत्येक भट्टीवर हेच ऐकायला मिळतं. शाळेपर्यंत पोचलेला घमघमाट म्हणजे डब्यात न पडलेलं तेल, हे त्यांना तिथेच सांगितलं. पुढचे दोन तास कोणी वासाचं कौतुक केलं नाही.

230 अंशांचं तेल 100 च्या आत कसं येतं

हे एकदा नीट कळलं की भट्टीवरच्या निम्म्या चुका आपोआप दिसतात. जिरॅनिऑल एकटं उकळायला 230 अंश सेल्सियसच्या घरातली उष्णता लागते आणि तेवढ्या उष्णतेत गवताचा कोळसा होईल. पण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांच्या वाफेचा दाब स्वतंत्रपणे मोजला जातो आणि त्यांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की दोन्ही मिळून वर येतात. पाण्याचा वाटा मोठा, तेलाचा अगदी थोडा, म्हणून हे मिश्रण शंभराच्या किंचित खालीच उकळतं. तेल न जळता वाफेसोबत निघून येतं.

तेलाचा वाटा थोडा म्हणजे किती? जिरॅनिऑलच्या वाफेच्या दाबावरून हिशेब मांडला तर एक किलो तेलासोबत पंधरा-वीस लिटर पाणी तरी वाफ होऊन आलं पाहिजे. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट पाणी जातं, कारण तेल गवताच्या पेशींत असतं आणि तिथून बाहेर यायला त्याला वेळ लागतो. या भट्टीवर एका घाणीला सुमारे शंभर लिटर पाणी उतरत होतं आणि ते योग्यच होतं. जाळ वाढवून ही वाट फारशी लवकर संपत नाही. गटाची समजूत नेमकी उलटी होती. भट्टी सांभाळणारा म्हणाला, “आग जास्ती लाई ते तेल जास्ती येस, असं वाटे आमले.”

तेल भट्टीत तयार होत नाही. ते शेतातच गवतात तयार झालेलं असतं आणि भट्टी ते फार तर पूर्ण देते, नाहीतर वाटेत सांडते. म्हणून मी यंत्राच्या कोटेशनकडे न बघता आधी सांडण्याच्या जागा शोधायला लागलो.

हौद

सगळ्यात मोठी गळती थंड करण्यात होती. हौदात साधारण हजार लिटर पाणी, एकदा भरलं की दिवसभर तेच. सकाळी ते पंचवीस अंशांचं होतं. दुपारी त्यात हात ठेववत नव्हता.

साधा हिशेब कागदावर मांडून दाखवला. एक लिटर पाण्याची वाफ परत पाणी होताना सुमारे 540 किलोकॅलरी सोडते. ते गरम पाणी चाळिशीपर्यंत उतरवायचं तर आणखी साठ. म्हणजे लिटरमागे 600. थंड पाणी वीस अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर एक लिटर उताऱ्यामागे (उतारा म्हणजे वाफ थंड होऊन उतरलेलं तेल-पाणी) तीस लिटर थंड पाणी लागेल. शंभर लिटरच्या घाणीला तीन हजार लिटर. यांच्याकडे हजार. तेच पाणी धरून ठेवलं तर घाण संपेपर्यंत हौद साठ अंशांनी तापणार, म्हणजे पंच्याऐंशीच्या घरात. त्या हौदातून बाहेर येणारं तेल-पाणी कढत असतं, डब्यावर वाफ दिसते आणि त्या वाफेतून तेल थेट गावात जातं.

आबांचं वाक्य इथे आठवलं. जुन्या भट्ट्या पावसाळा संपल्यावर ओढ्याकाठी लागत. हंड्यातून निघालेली बांबूची नळी वाहत्या पाण्यात बुडवलेल्या भांड्यात सोडायची. त्या लोकांना कॅलरीचा हिशेब ठाऊक नसेल, पण तीस लिटरला एक लिटर हे प्रमाण ते वाहत्या पाण्याने सांभाळत होते. आपण भट्टी रस्त्याकडेला आणली, कारण ट्रॅक्टर तिथे येतो, आणि ओढ्याच्या जागी हौद बांधला. सोय गवत आणण्याची झाली. तेलाची मात्र गैरसोय झाली.

तोडगा गटानेच काढला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाल्याला पाणी असतं, वर एक वनराई बंधाराही आहे. तिथून उताराने पाइप आणून हौदाच्या तळाशी सोडला आणि वरच्या काठाला मोठी तोटी ठेवली. थंड पाणी खालून आत, गरम पाणी वरून बाहेर. वेटोळ्यात वाफ वरून खाली येते आणि हौदातलं पाणी खालून वर सरकतं, त्यामुळे बाहेर पडता पडता उतारा सगळ्यात थंड पाण्याला भेटतो. बाहेर पडलेलं कोमट पाणी चारीने शेजारच्या कांद्याच्या वाफ्यांत जाऊ लागलं. उताऱ्याच्या धारेखाली बोटं धरायची आणि कोमटपेक्षा जास्त गरम लागली तर जाळ कमी करायचा, एवढा एकच नियम भट्टीवाल्याला दिला. थर्मामीटर पण आणून दिला होता. तो खुंटीला टांगलेला आहे.

जाळ, तळ आणि गंज

करपट वासाचं कारण टाकी रिकामी केल्यावर पाच मिनिटांत सापडलं. तळाशी गवताची बारीक काडी आणि पानांचा चुरा पडून काळा थर जमला होता. शंभर लिटर पाणी उतरवायचं आणि तळाशी भरायचं सत्तर-ऐंशी, मग शेवटच्या तासाला तळ कोरडा पडणार, चुरा जळणार आणि त्याचा धूर तेलात उतरणार. जाळीवर बारीक जाळी टाकली, तळातलं पाणी वाढवलं आणि बाहेरून एक उभी पारदर्शक नळी लावून पाण्याची पातळी दिसेल अशी सोय केली. पाणी जाळीला शिवेल इतकंही भरायचं नाही. उकळत्या पाण्यात भिजलेल्या गवतातलं जिरॅनिल अ‍ॅसिटेट फुटत जातं आणि तेल आंबटसर होतं.

रंगाचाही याच्याशीच संबंध. अ‍ॅसिटेट फुटलं की अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, ते लोखंड खातं आणि गंज तेलात येतो. संपूर्ण टाकी स्टेनलेस स्टीलची करायची तर खर्च बॉयलरच्या तोडीचा. पण जिथे नुसती वाफ असते तिथलं लोखंड तेवढं नडत नाही. जिथे वाफेचं पाणी होतं आणि तेल धातूवरून ओघळतं, तिथलं नडतं. म्हणून टाकी तशीच ठेवली आणि झाकणावरची नळी, वेटोळं आणि खालचं भांडं एवढंच स्टीलचं केलं. धुळ्याच्या एका फॅब्रिकेटरने ते आठवड्यात करून दिलं. तांब्याचं करा असं काहींनी सुचवलं. तांबं थंडावा उत्तम देतं, पण आम्लाशी गाठ पडली की तेलाला हिरवट झाक येते आणि खरेदीदार त्यावर लगेच बोट ठेवतो.

भरण्याच्या पद्धतीत एक छोटी खोड होती: गवत मध्यभागी पायाने दाबायचे आणि कडेला सैल राहायचं. वाफेला कडेची पळवाट मिळाली की मधलं गवत कोरडंच राहतं. घाण उपसताना मधल्या भागाचा वास घेतला तर तो ताजा, गुलाबी होता. चोथ्याला असा वास असता कामा नये. आता थर लावताना कडेला जास्त दाबतात. यावर आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

पाच लिटरचा डबा

तेलाची घनता पाण्यापेक्षा कमी, 0.88 च्या जवळपास. ते वर येतंच, पण त्याला वर यायला निवांत वेळ लागतो. ताशी पंचवीस लिटर उतारा पाच लिटरच्या डब्यात पडत असेल, तर पाण्याला डब्यात जेमतेम बारा मिनिटं मिळतात. तोटीतून बाहेर पडणारं पाणी दुधी दिसायचं. ते दुधी म्हणजे तेलाचे बारीक थेंब. पाच लिटरच्या जागी तीस लिटरचं उंच भांडं ठेवलं, आत येणारी धार एका आडव्या पत्र्यावर अलगद पडेल असं केलं आणि पाणी तळातून उचलून वर वळवलेल्या नळीने बाहेर काढलं. दुधीपणा बराच गेला. तरी पाण्यात थोडं जिरॅनिऑल विरघळलेलं राहतंच, म्हणून ते पाणी फेकायचं नाही, पुढच्या घाणीला तळात भरायचं. यात खर्च शून्य आणि पाणीही वाचतं, तरी किती भट्ट्यांवर हे पाणी गटारात जाताना पाहिलं आहे.

आता गवत

यंत्राचं झालं, पण व्यापाऱ्याच्या तपासणीत आणखी एक गोष्ट होती. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या (तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीच्या) अहवालात जिरॅनिऑल सत्तर टक्क्यांच्या खाली होतं आणि लिमोनीन हे दुसरं द्रव्य नको तितकं वर. थंड-गरम पाण्याने असं होत नाही. हे गवतातलं आहे.

रोशाच्या दोन जाती आहेत. दिसायला सारख्याच, तेलात पूर्ण वेगळ्या. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर येते आणि तिचं तेल पामरोझा. सोफिया दाट, ओलसर जंगलात येते. तिच्या तेलाला जिंजरग्रास म्हणतात, त्यात जिरॅनिऑल कमी आणि लिमोनीन, पेरिलिल अल्कोहोलच्या जातकुळीतली द्रव्यं जास्त. वास आल्याकडे झुकणारा, तिखट. लखनौच्या सीमॅप (केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था) या संस्थेने मोतियापासून तृष्णा, तृप्ता, पीआरसी-1, वैष्णवी असे सुधारित वाण काढले आहेत. गटाची रोपं अशाच वाणाची होती आणि ती खोटी नव्हती. रोपवाटिकेवरचा आरोप इथेच निकालात निघाला.

पण भट्टीवर फक्त लागवडीचं गवत येत नव्हतं. गटातल्या काही भूमिहीन घरांनी डोंगरावरचं गवत आणून घातलं होतं. वनहक्क मान्यता मिळालेल्या क्षेत्रातलं, रीतसर. ते गवत आणणाऱ्या एका बाईंना विचारलं, दोन्हींत फरक आहे का? त्यांनी फुलोऱ्याचं एक तुरं तळहातावर चुरलं, माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, “हाई गवत डोंगरनं शे, वास तिखा येस.” मग लागवडीचं तुरं चुरलं, ते गुलाबी. व्यापाऱ्याच्या यंत्राने जे सांगितलं ते त्यांना चुरून कळत होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

कापणीची वेळही चुकत होती. तेल सर्वांत जास्त असतं फुलोऱ्यात, त्याखालोखाल पानांत. खोडात जवळजवळ नाहीच. फुलोरा उमलल्यावर सात ते दहा दिवसांनी कापणी करावी असं सांगितलं जातं. इथे काही शेतांत फुलोरा पोटरीत असतानाच विळा लागला होता आणि सगळीकडे बुडातून, खोडासकट. शिवाय कापलेले भारे ताडपत्रीखाली दोन-तीन दिवस ढीग करून ठेवलेले. एका ढिगात हात घातला तर आत चक्क ऊब होती. कुजायला लागलेल्या गवतातून तेल उडून जातं आणि उरलेल्याचा वास बिघडतो. कापल्यावर एक दिवस सावलीत पसरून ठेवणं चांगलं. पाणी कमी होतं, टाकीत जास्त गवत मावतं आणि सरपण वाचतं. मात्र सुकलेल्या गवतावर टक्केवारी काढून फुशारकी मारू नये. वजन घटलं की टक्का आपोआप वाढतो, तेल तेवढंच राहतं. तुलना करायची तर कापतेवेळच्या वजनावर करायची.

हे सगळं चुकीचं का करत होते, याचं उत्तर अज्ञान नाही. गटाचा नियम होता, गवताच्या किलोवर पैसे. किलोवर पैसे मिळणार असतील तर शहाणा माणूस बुडातून कापणार, खोडासकट आणणार, दव सुकायच्या आत वजन करून घेणार आणि फुलोऱ्याची वाट कशाला बघत बसेल? भट्टीतल्या तेलाचं नुकसान सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं येत होतं आणि जास्त वजनाचा फायदा प्रत्येकाच्या खिशात पूर्ण. मला विचाराल तर या प्रकरणातलं मुळाचं कारण हे आहे. हौदाची गळती एका आठवड्यात बुजली, ही बुजवायला गटाच्या तीन बैठका आणि बरीच वादावादी लागली.

बदलानंतर

एकाच शेतातलं, एकाच दिवशी कापलेलं गवत दोन भागांत करून बघितलं. एक भाग बुडातून कापलेला, ढिगात ठेवलेला. दुसरा वरच्या निम्म्या उंचीतून कापलेला, सावलीत पसरलेला. दोन्ही सुधारलेल्या भट्टीवर. पहिल्यातही तेल आधीपेक्षा वाढलं, म्हणजे थंडाव्याचा आणि भांड्याचा फायदा दिसला. दुसऱ्यात तेवढ्याच वजनाच्या गवतातून एक किलोच्या थोडं पुढे गेलं. रंग फिकट पिवळा, करपट वास नाही. मोतियाचा निवडक नमुना व्यापाऱ्याकडे पुन्हा पाठवला, तेव्हा जिरॅनिऑल अपेक्षित पट्ट्यात आलं आणि बाजारभाव मिळाला.

भेसळीची एक साधी चाचणी गटाला शिकवली, कारण पुढे इतरांचं तेल विकत घेण्याचा त्यांचा विचार आहे. शुद्ध पामरोझा आपल्या तिप्पट आकारमानाच्या 70 टक्के अल्कोहोलमध्ये स्वच्छ विरघळतो. त्यात खोबरेल किंवा रॉकेल असेल तर परीक्षानळी गढूळ होते. शंभर वर्षांपूर्वीही या तेलात टर्पेंटाइन, रॉकेल, खोबरेल मिसळत असत. भेसळवाल्यांची कल्पकता त्यानंतर फारशी पुढे गेलेली नाही.

तेल प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरणं बंद केलं. मीठ घालून पाणी ओढून घ्यायचं, गाळायचं आणि काठोकाठ भरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात किंवा गडद काचेत सावलीला ठेवायचं.

बॉयलर

बॉयलर वाईट नाही. कोरडी वाफ मिळते, तळ करपत नाही, सरपण कमी लागतं, एका दिवसात घाणी जास्त होतात. पण या गटाने तो आधी आणला असता तर वाफ दुप्पट झाली असती आणि हौद तोच राहिला असता. कढत उतारा आणखी कढत झाला असता, पाच लिटरच्या डब्यात बारा मिनिटांऐवजी सहा मिनिटं मिळाली असती आणि शाळेच्या पलीकडे, बाजारपेठेपर्यंत घमघमाट गेला असता. वर कर्जाचे हप्ते, बॉयलरची नोंदणी, परवानाधारक चालक. मी लेखी मत दिलं: आत्ता नको. दोन हंगाम सध्याच्या भट्टीवर एका दिवसाची एक घाण पूर्ण भरून चालली आणि तरीही गवत उरलं, तर पुन्हा विचार करा. ज्यांनी कोटेशन आणलं होतं ते नाराज झाले आणि अजून आहेत.

दोन प्रस्ताव आणि माझं उत्तर

गटाचा उत्साह वाढला तसा एक प्रस्ताव आला: याच भट्टीत गुळवेल आणि अश्वगंधा घालू, त्यांचाही अर्क काढू. भट्टी रिकामी राहते आणि मागणी आहे, हे खरं. पण वाफेसोबत फक्त उडणारी द्रव्यं येतात. गुळवेलीतली कडू द्रव्यं आणि अश्वगंधेतली विदॅनोलाइडं उडत नाहीत. टाकीत गुळवेल घालून दिवसभर जाळ लावला तरी डब्यात पडेल ते नुसतं पाणी. त्यांना पाण्यातला काढा आटवून घन करावा लागतो किंवा अल्कोहोलसारखं द्रावक लागतं, आणि ते वेगळं यंत्र, वेगळा परवाना. गावठी पद्धतीचं गुळवेल सत्त्व तर तिसरंच: खोड ठेचून पाण्यात भिजवून, गाळून, तळाशी बसलेला पांढरा थर वाळवायचा. तो बहुतांश स्टार्च असतो, आणि कडूपणाचा मोठा भाग वरच्या पाण्याबरोबर ओतून दिला जातो. त्यामुळे आपण काय काढतो आहोत हे आधी ठरवायचं, भांडं नंतर. या भट्टीत चालेल असं म्हणाल तर गवती चहा, तुळस, ओवा. ओवा भरडून घालावा लागतो, कारण तेल दाण्याच्या आत असतं. आणि तिथे हौद फार थंड ठेवायचा नाही. ओव्यातलं थायमॉल पन्नास अंशांच्या खाली गोठायला लागतं आणि वेटोळं तुंबू शकतं. रोशाच्या बरोबर उलट.

दुसरा प्रस्ताव छोट्या बाटल्यांचा. रोहिष तेल सांधेदुखीला चोळण्याची पद्धत इथे जुनी आहे. तिळाच्या तेलात थोडे थेंब घालून गुडघ्याला लावतात. गटातल्या तरुणांना “सांधेदुखीवर रामबाण” असं लेबल छापून आठवडी बाजारात विकायचं होतं. नको म्हणालो. रोगावर औषध म्हणून विकायचं तर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादनाचा परवाना लागतो. शिवाय न मिसळता लावलेलं पामरोझा काहींच्या कातडीला झोंबतं, आणि जिरॅनिऑल हे अ‍ॅलर्जी करू शकणाऱ्या सुगंधी द्रव्यांमध्ये मोडतं. घरी तिळाच्या तेलात घालून वापरायला कोणाची हरकत नाही. बाटलीवर दावा छापला की जबाबदारी गटाची.

सुटलेलं आणि न सुटलेलं

पुढच्या हंगामासाठी गटाने नियम बदलला. आता पैसे गवताच्या वजनावर नाहीत. प्रत्येक घाणीचं तेल वेगळं मोजायचं आणि ज्यांचं गवत त्या घाणीत होतं त्यांच्यात वाटायचं. मोठ्या शेतकऱ्याची स्वतःची पूर्ण घाण भरते, त्याला हे सोपं. अडचण छोट्यांची. चार जणांचं गवत एकाच घाणीत असेल आणि त्यातल्या एकाने खोडासकट आणलं असेल, तर तिघांचं नुकसान. सध्या ठरलं आहे ते असं: भरण्याआधी दोन बायकांनी प्रत्येक भारा बघायचा, तुरं चुरायचं, फुलोरा नसलेला किंवा खोडाचा भारा परत करायचा. हे काम डोंगरावरून गवत आणणाऱ्या त्याच बाईंकडे आलं आणि त्याची मजुरी गट देणार आहे.

डोंगरावरच्या गवताचा प्रश्न मात्र अर्धवट राहिला. सोफियाचं तेल वेगळ्या दिवशी, वेगळ्या डब्यात काढायचं हे सगळ्यांना मान्य आहे, पण त्या तेलाला मोतियाच्या मानाने भाव कमी आणि ते आणणारी घरं सगळ्यात गरीब. त्यांना कमी द्यायचं का, की गटाच्या नफ्यातून भर घालायची, यावर बैठकीत एकमत झालं नाही. एकाने सुचवलं की बांधावर आणि पडीक जागेत मोतियाचे ठोंब लावून ते या घरांना कापायला द्यावेत. पावसाळ्याआधी यासाठी किती ठोंब निघतील याची मोजणी चालू आहे.